‘छावा’ कोणी बघावा, कसा बघावा?



आजचा लेख मधुमेहावर नाही आणि रक्तदाबावरही नाही. तो एका सिनेमावर आहे. डॉक्टरांनी सिनेमावर लिहायचं काय कारण, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. त्यात माझी थोडी चूकही आहे, तीही सांगतो.

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ प्रदर्शित झाला. पहिल्याच आठवड्यात मी आणि सौ. जाऊन आलो. शिवाजी सावंतांची कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली होती, त्यामुळे काय बघायला मिळणार याची कल्पना होती. तरीही बाहेर पडलो तेव्हा दोघेही गप्प होतो. गाडीपर्यंत कोणी काही बोललं नाही. विकी कौशलने जीव ओतून काम केलं आहे. अक्षय खन्नाचा थकलेला, थंड औरंगजेब लक्षात राहतो. पुढचे आठ दिवस दवाखान्यात येईल त्याला मी सांगत होतो, “बघा हो, जरूर बघा. सहकुटुंब बघा.” ब्लडप्रेशरचा पट्टा बांधता बांधता सांगत होतो.

साधारण पंधरा दिवसांनी एक ओळखीचे गृहस्थ आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या पेशंटचे तपशील थोडे बदलले आहेत.) मुलाचं पोट दुखत होतं, चार-पाच दिवस. जुलाब नाहीत, उलटी नाही, ताप नाही. पोट तपासलं, मऊ होतं. लघवी तपासली, स्वच्छ. मग आईने हळूच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आहे, आणि तो बाथरूमला एकटा जात नाही. मी त्याला जवळ घेऊन विचारलं, “रात्री डोळे मिटलेस की काय दिसतं रे?” तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेनांशी खेळत राहिला. मग म्हणाला, “राजांचे डोळे.”

वडिलांकडे बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, “डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, सहकुटुंब बघा म्हणून.”

त्यांचं बरोबर होतं. औषध लिहून देताना मी वय विचारतो, वजन विचारतो, आधीचे आजार विचारतो. पाच मिलीच्या सिरपसाठी एवढे प्रश्न, आणि हा सिनेमा सुचवताना एकही प्रश्न विचारला नाही. आता सिनेमा घरच्या टीव्हीवर आला आहे आणि १४ मेला संभाजी महाराजांची जयंती असते. म्हणजे घरोघरी पुन्हा लागणार. म्हणून राहिलेले प्रश्न आज विचारतो.

एक आधीच स्पष्ट करतो. सिनेमा वाईट आहे, त्यात कापाकापी करायला हवी होती, असं माझं म्हणणं नाही. शंभूराजांनी जे सोसलं ते सौम्य करून दाखवलं असतं तर तेही खोटं झालं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीव्र औषध आहे. तीव्र औषध माणूस बघून द्यायचं असतं, आणि कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. कोर्स अर्धवट म्हणजे काय, ते शेवटी सांगतो.

शरीराला सिनेमा कळत नाही

आपल्याला माहीत असतं की समोर पडदा आहे, रंग आहे, मेकअप आहे. पण मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, अमिग्डाला. त्याचं काम धोका ओळखण्याचं. तो विचार करणाऱ्या मेंदूची वाट बघत नाही. डोळ्यांनी भयंकर काही पाहिलं, कानांनी किंकाळी ऐकली की तो घंटा वाजवतो. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, तोंड कोरडं पडतं, हात घामेजतात. “हा सिनेमा आहे” हा निरोप विचार करणाऱ्या मेंदूकडून येतो, पण तोपर्यंत शरीर पळायला किंवा लढायला तयार झालेलं असतं. आणि खुर्चीत बसून दोन्ही करता येत नाही.

मी स्वतः तीस वर्षं रक्त बघतो आहे. अपघाताचे पेशंट, भाजलेले पेशंट, सगळं पाहिलं आहे. तरी शेवटच्या भागात मी दोनदा मान खाली घातली. सौ.ने नंतर चिडवलं, “तुम्ही डॉक्टर ना?” मी विचार केला तेव्हा उत्तर सापडलं. कॅज्युअल्टीमध्ये माझ्या हातांना काम असतं. रक्त दिसलं की हात ते थांबवायला जातात. थिएटरमध्ये हात रिकामे होते. दुसऱ्याच्या वेदना बघायच्या आणि काहीही करता यायचं नाही, ही माणसाच्या मनाला सर्वांत जड जाणारी अवस्था आहे. त्यामुळे तुम्हाला रडू आलं, बघवलं नाही, तर तुम्ही कमकुवत आहात असं मुळीच समजू नका. तुमची यंत्रणा शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ.

चक्कर येऊन पडणारे

आमच्याच शोला पुढच्या रांगेत कॉलेजची मुलं होती. छळाच्या प्रसंगात त्यातला एक धडधाकट, जिम करणारा मुलगा एका बाजूला कलंडला. मित्रांनी त्याला खुर्चीत ताठ बसवून धरलं, एकाने तोंडात पाणी ओतायला घेतलं, दुसरा हसत होता. मी उठून गेलो, त्याला दोन रांगांमधल्या वाटेत आडवं केलं, पाय खुर्चीवर ठेवले. अर्ध्या मिनिटात डोळे उघडले. बिचारा शरमेने लाल झाला होता.

त्यात शरमेचं काही नाही. भीतीने सहसा रक्तदाब वाढतो. पण रक्त किंवा जखम पाहिल्यावर काही जणांमध्ये उलटं घडतं. सुरुवातीला ठोके वाढतात आणि मग अचानक व्हेगस नावाच्या नसेचा जोर वाढतो. ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला थोडा वेळ कमी पडतं. माणूस पडतो. शंभरात तीन-चार जणांना रक्ताची किंवा सुईची अशी तीव्र भीती असते. पुष्कळदा ती घराण्यात चालत आलेली असते. धाडसाशी तिचा संबंध नाही.

पडण्याआधी शरीर इशारा देतं. मळमळतं, गार घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून येतोय असं वाटतं. त्या क्षणी पडद्यावरून नजर काढा. पायाची घडी घाला. मांड्या, पोटऱ्या आणि हाताच्या मुठी जोरात आवळा. दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, पुन्हा आवळा. त्याने रक्त वर ढकललं जातं आणि पडणं टळू शकतं.

कोणी पडलंच तर त्याला आडवं करा, पाय उंच करा, कॉलर सैल करा, गर्दी बाजूला करा. बसतं करू नका. शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी नको. अशा वेळी हातपाय क्षणभर झटके दिल्यासारखे हलू शकतात. लगेच फिट समजून कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ल्या देणं, यातलं काहीही करायचं नाही. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, माणूस वयस्कर असेल किंवा मधुमेहाचं इन्सुलिन घेत असेल, तर १०८ ला फोन करा.

ज्यांच्या हृदयाला त्रास आहे

माझ्या पेशंटपैकी एक निवृत्त मास्तर आहेत. स्टेंट बसवून जेमतेम पाच आठवडे झाले होते. रात्री नऊच्या शोची तिकिटं मुलाने काढली. शो चुकू नये म्हणून संध्याकाळच्या गोळ्या “आल्यावर घेऊ” म्हणून राहिल्या, जेवणाऐवजी खारे पॉपकॉर्न झाले आणि मग ते पावणेतीन तास. छातीत भरून आलं, तरी उठले नाहीत. “महाराज एवढं सोसत होते, मी काय उठून जायचं?” असं मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. ईसीजी ठीक निघाला, पण मी त्यांना चांगलंच रागावलो.

अतिशय उत्कट भावनेचा हृदयावर ताण येतो, ही केवळ म्हणण्याची गोष्ट नाही. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. म्युनिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना इतर दिवसांच्या तुलनेत २.६६ पट होत्या, आणि सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत त्या सर्वाधिक होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. सामना वेगळा आणि सिनेमा वेगळा हे मान्य, पण ॲड्रेनालिन तेच आहे.

दुसरा प्रकार आहे ताकोत्सुबो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. मोठ्या धक्क्याने हृदयाचं टोक तात्पुरतं फुगतं आणि हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची असतात. दोन्हींतला फरक घरी कळत नाही. म्हणून छातीत दुखलं, दम लागला तर “भावनेच्या भरात झालं असेल” असं म्हणून थांबायचं नाही.

ज्यांना गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक आला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, चालताना छातीत भरून येतं किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी सध्या थांबावं. सिनेमा कुठे पळून जात नाही. इतरांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, जेवून बसावं, रात्रीऐवजी दुपारी बघावा, आणि घरी बघत असाल तर रिमोट हातात ठेवावा. मध्येच उठून गेलात तर महाराजांचा अपमान होत नाही. मास्तरांनाही मी हेच सांगितलं. राजांनी आपल्या माणसांसाठी सोसलं. त्यांच्यासाठी तुम्ही छातीत दुखणं सोसावं, अशी त्यांची अपेक्षा नसणार.

ज्यांच्या मनात आधीच जखम आहे

एक ताई झोप लागत नाही म्हणून आल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी कारखान्यात भाजून गेले. सिनेमातला तापलेल्या सळ्यांचा प्रसंग त्यांना बघायचा नव्हता, पण मैत्रिणींमध्ये उठणं बरं दिसणार नाही म्हणून बसून राहिल्या. तेव्हापासून भाजल्याचा तो वास पुन्हा येतो, असं सांगत होत्या. पडद्याला वास नसतो. तो वास त्यांच्या आठवणीतला होता.

निरोगी मनाच्या माणसाला एका सिनेमामुळे सहसा कायमचा मानसिक आजार होत नाही. पण ज्याच्या मनात खरी जखम आहे, तिची खपली अशा दृश्याने निघू शकते. अपघात, दंगल, मारहाण, घरातली हिंसा, जवळच्या माणसाचा अलीकडचा मृत्यू, यातून जे गेले आहेत त्यांनी जपावं. निवृत्त फौजी आणि पोलीसही यात येतात. ते बोलत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. कोणी “मला नाही बघायचा” म्हणालं तर “आपल्या राजांचा सिनेमा आणि बघायचा नाही?” असं टोचू नका. त्याचं कारण त्याला माहीत असतं.

तीच गोष्ट रील्सची. थिएटरमध्ये एकदा पाहिलेला प्रसंग फोनवर दिवसातून वीस वेळा समोर येतो. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात त्याच्या बातम्या आणि दृश्यं रोज सहा तासांहून जास्त बघणाऱ्यांमध्ये मानसिक ताण प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला. हिंसेचं दृश्य पुन्हा पुन्हा बघून मन घट्ट होतं, असा आपला समज आहे. पुष्कळांचं ते सोलवटून निघतं.

मुलांचं काय?

आता त्या आठ वर्षांच्या मुलाकडे परत येऊ. सेन्सॉर बोर्डाने या सिनेमाला ‘यूए १६+’ दिलं आहे. याचा अर्थ सोळा वर्षांखालच्या मुलाला बंदी आहे असा नाही. याचा अर्थ असा की त्याला दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं. म्हणजे दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही. अडवणारे तुम्हीच.

एरवी मूल सिनेमात घाबरलं तर आपल्याकडे एक रामबाण वाक्य असतं. “अरे, हे खोटं असतं, रंग असतो तो.” सात-आठ वर्षांच्या पुढे मुलांना ते पटतं. पण इथे ते वाक्य वापरता येत नाही. मुलगा विचारतो, “बाबा, हे खरंच झालं होतं?” आणि बाबांना सांगावं लागतं, “हो बाळा, खरंच झालं होतं.” राक्षसाची भीती वय वाढलं की जाते. खऱ्या माणसाने खऱ्या माणसाला केलेल्या छळाची भीती मात्र समज वाढते तशी वाढते. ऐतिहासिक सिनेमा मुलांसाठी भयपटापेक्षा जड असतो तो याच कारणाने.

पालक मला दोन गोष्टी ऐकवतात. पहिली, “मुलं मोबाइलवर गेम खेळतात, त्यात काय मारामारी नसते?” असते, आणि तीही मला आवडत नाही. पण गेममध्ये बटण मुलाच्या हातात असतं आणि मेलेला पुन्हा उठतो. इथे दोन तास ज्या नायकावर त्याने जीव लावला, तोच साखळदंडात आहे आणि कोणीच काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. “डॉक्टर, आमच्या आजीने आम्हाला हीच गोष्ट लहानपणी सांगितली होती. आम्ही नाही घाबरलो.” खरं आहे. मलाही आमच्या चौथीच्या गुरुजींनी सांगितली होती. पण गुरुजी सांगत होते तेव्हा चित्र मी काढत होतो. ऐकलेल्या गोष्टीचं चित्र मूल स्वतः काढतं, आणि सहसा आपल्याला झेपेल एवढंच काढतं. शिवाय गुरुजी आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. कोणी कावराबावरा झाला की ते पुढे सरकत. पडदा मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. दुसऱ्याने काढलेलं संपूर्ण चित्र तो मुलाच्या हातात देतो.

माझं मत विचाराल तर बारा वर्षांखालच्या मुलांना शेवटचा भाग दाखवू नये. बारा ते सोळा वयात मुलाचा स्वभाव बघून, आधी स्वतः बघून, शेजारी बसून दाखवावा. पुढे काय येणार आहे ते आधी सांगावं, आणि “नको वाटलं तर आपण थांबवू” हे मनापासून सांगावं. घरी बघण्याचा हा मोठा फायदा आहे. थांबवता येतं, दिवा लावता येतो, बोलता येतं.

बघून झालं आहे आणि त्रास होतोय, तर?

पहिल्या काही रात्री स्वप्नं पडणं, चिकटून झोपणं, पोट दुखणं हे मुलांमध्ये घडतं आणि बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. “मावळा असून घाबरतोस?” असं म्हणू नका. त्याने भीती जात नाही. मूल ती सांगायचं बंद करतं एवढंच. दिवा राहू द्या. अंथरूण ओलं झालं तर न बोलता बदला. काय दिसतं ते विचारा, ऐका, चित्र काढू द्या.

मोठ्यांसाठी एक गमतीदार वाटेल असा उपाय आहे. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही लोकांना अपघात आणि जखमांची दृश्यं असलेली फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने त्यातल्या निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा खेळ, खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं अवचित येण्याचं प्रमाण कमी राहिलं. विशेष म्हणजे फिल्ममध्ये काय घडलं हे मात्र त्यांना इतरांइतकंच आठवत होतं. म्हणजे आठवण राहते आणि छळणारं चित्र फिकं होतं. आपल्याला तेच तर हवं आहे. म्हणून असा सिनेमा बघून आल्यावर लगेच अंधारात आडवं होऊन रील्स बघू नका. ठोकळे जुळवा, कोडं सोडवा.

आणखी एक. बाहेर पडल्या पडल्या गाडीला किक मारू नका. ॲड्रेनालिन उतरायला थोडा वेळ लागतो, आणि चढलेल्या रक्ताला समोर जो येईल तो शत्रू वाटतो. गुजरातमध्ये भरूचला एका प्रेक्षकाने याच सिनेमात पडदा फाडल्याची बातमी आली होती. राग येणं साहजिक आहे. पण तो राग १६८९ चा आहे. तो पार्किंगमध्ये, सिग्नलवर किंवा शेजाऱ्यावर काढायचा नसतो. दहा मिनिटं बसा, चहा घ्या, मग निघा.

महिन्याभरानंतरही स्वप्नं थांबत नसतील, मूल शाळेत जायला नाही म्हणत असेल, मोठ्या माणसाला झोप नसेल किंवा जुन्या घटना पुन्हा घडताहेत असं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

कोर्स पूर्ण करा

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. त्या मुलाला मी कोणतंही औषध दिलं नाही. वडिलांना विचारलं, “सिनेमा संपल्यावर तुम्ही त्याला पुढचं सांगितलंत का?” ते म्हणाले, “पुढचं म्हणजे?”

इथेच गफलत होते. मुलाच्या मनात गोष्ट ११ मार्च १६८९ ला थांबली होती. शेवटचं चित्र छळाचं. जी गोष्ट भीतीवर थांबते ती मनात रात्रभर तिथेच फिरत राहते. घाबरलेल्या मुलाला ‘पुढे काय झालं’ हे कळणं फार गरजेचं असतं, आणि आपल्या सुदैवाने इतिहासाकडे त्याचं खरं उत्तर आहे. म्हणून मी वडिलांना गृहपाठ दिला.

त्याला सांगा की महाराज गेले, राज्य गेलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, तरीही मराठे थांबले नाहीत. राजाराम महाराज दूर जिंजीला गेले आणि तिथून लढत राहिले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगल फौजांची झोप उडवली. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तर ताराबाईंनी लढाई हातात घेतली. औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनमध्ये अडकून पडला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. त्याला दिल्ली पुन्हा दिसली नाही. शाहू त्याच वर्षी सुटून आले. आणि येसूबाई? त्या तीस वर्षांच्या कैदेनंतर १७१९ मध्ये परत आल्या. मुलाला हे जरूर सांगा. त्या परत आल्या.

आणि आधीचंही सांगा. तुमच्या मुलाचं आज जे वय आहे, जवळजवळ त्याच वयाचे, नऊ वर्षांचे, शंभूराजे १६६६ मध्ये वडिलांबरोबर आग्र्याला गेले होते. आई दोन वर्षांचे असतानाच गेली, जिजाऊंनी वाढवलं. संस्कृत इतकं चांगलं शिकले की ‘बुधभूषण’ नावाचा ग्रंथ लिहिला. बत्तीस वर्षांचं आयुष्य होतं ते. कैदेचे शेवटचे काही आठवडे म्हणजे संपूर्ण संभाजी महाराज नव्हेत. मुलाच्या मनात फक्त ते आठवडे राहिले, तर आपण त्याला राजे दिले नाहीत, फक्त त्यांची जखम दिली.

त्या कुटुंबाने पुढच्या रविवारी मुलाला तुळापूरला नेलं. भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर तो पाण्यात पाय सोडून बसला, भेळ खाल्ली आणि वडिलांना येसूबाई परत कशा आल्या ते दोनदा सांगायला लावलं. दोन आठवड्यांनी आले तेव्हा पोट दुखायचं थांबलं होतं. अंथरूणही कोरडं होतं. पॅसेजमधला दिवा मात्र अजून चालू ठेवावा लागतो, असं आई म्हणाली. मी म्हटलं, राहू द्या. वीजबिल वाढलं तर माझ्या नावावर टाका.

तेव्हा मंडळी, ‘छावा’ जरूर बघा. फक्त आता ‘सहकुटुंब’ म्हणण्याआधी मी विचारतो, घरात कोण कोण आहे?

काळजी घ्या.
तुमचा डॉक्टर